करवंदीचा पाला

माझी नात मुक्ता संध्याकाळी मोबाईल घेऊन माझ्या शेजारी येऊन बसते आणि कुठल्या कुठल्या देशांतले डोंगर मला दाखवते. परवा तिनं असाच एक देश दाखवला. तिथं म्हणे समुद्र डोंगरांच्या आत लांबवर शिरलाय. दोन्ही अंगांनी उभे कडे, खाली काळंनिळं पाणी आणि कड्याच्या काठाकाठानं गेलेली पायवाट. पाठीवर बोजे बांधलेली गोरी माणसं त्या वाटेनं चाललेली. "आजी, एकदा तरी इथं चालायचंय मला," मुक्ता म्हणाली. मी चष्मा पुसून नीट बघितलं आणि तिला सांगितलं, की बाई, असल्या वाटा मी परकर नेसायच्या वयात तुडवल्यात. तिला वाटलं म्हातारी फुशारकी मारतेय. मारत होतेच, पण त्यात खोटं काही नव्हतं. अकोले तालुक्याच्या पार मावळतीच्या टोकाला आमची उंबरवाडी. तिच्या एका अंगाला धरणाचं पाणी डोंगरांच्या बेचक्यांतून आत घुसलेलं आणि दुसऱ्या अंगाला कडा, म्हणजे जिथं आपला जिल्हा आणि घाटावरचा देश दोन्ही एकदम संपतात आणि खाली कोकण दिसायला लागतं ती जागा. मधल्या चिंचोळ्या पट्टीवर आमची थोडी घरं. आमचं पाणी गोडं होतं, एवढाच काय तो फरक.

आता केडगावात राहून मला सगळ्यात जास्त आठवतो तो तिथला वारा. कड्यावर वारा खालून वर येतो. लहानपणी आम्ही पोरं काठावर पालथी पडून वाळलेली पानं खाली सोडायचो आणि ती परत आमच्याच तोंडावर यायची. पावसाळ्यात पाऊससुद्धा खालून वर यायचा, त्यामुळं आमच्या घराच्या कुडाला कड्याच्या बाजूनं कारवीचा दुहेरी थर आणि वरून शेणामातीचा गिलावा असे. तरी वारा आत यायचाच. चुलीचा धूर घरभर फिरायचा, शिंक्यावरची गाडगी एकमेकांना लागून किणकिणायची आणि आई नागलीची भाकरी थापता थापता वाऱ्याला शिव्या द्यायची. आई खालची होती, कोकणातल्या पाथरपाड्याची. आमच्या कड्यावरून बघितलं की तिचं माहेर पायाखाली दिसायचं, इतकं की तिच्या बापाच्या घराचं छप्पर बोटानं दाखवता यायचं. ती माहेराहून आली की टोपलीत सुकट आणि बोंबील असायचे आणि मग आठवडाभर घराला त्यांचाच वास. तव्यावर परतलेली सुकट, खुरासणीची चटणी आणि वरईचा भात यापुढं मला अजून कुठलं जेवण जेवण वाटत नाही. माझ्या सुनेला सुकटीचा वास सोसत नाही, म्हणून मी ती गच्चीवर भाजते. पण भाजतेच.

बा, म्हणजे माझे वडील, वाटाड्याच्या घरातले. कड्यातून खाली उतरायला एकच वाट होती, नाळेची. नाळ म्हणजे कड्याला वरून खालपर्यंत पडलेली अरुंद घळ, दगडधोंड्यांनी भरलेली. हिरडा घेऊन खाली जाणारे, मीठ-मासळी घेऊन वर येणारे, सोयरिकीला निघालेले, सगळे तिथूनच जात आणि ज्याला वाट ठाऊक नाही त्याला आमच्या घरातला माणूस उतरवून देई. बाला त्याचा फार अभिमान. कड्याचं सगळं काही आपल्याला ठाऊक आहे, अशी त्याची पक्की समजूत होती. आई त्याला डिवचायची, "तुमच्या डोंगरावर हाय काय? वारा खायाचा आन झोपायचं." त्यावर बा म्हणायचा, "आन तुमच्या कोकनात? निस्ता घाम." हे भांडण रोज चाले आणि दोघांनाही ते आवडत असे.

नाळेच्या तोंडाशी खिंड होती आणि खिंडीत एक रीत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. खाली जाणाऱ्यानं खिंडीत आपल्या घराच्या झाडाची एक डहाळी दगडाखाली ठेवायची. त्याला 'पाला ठेवणं' म्हणत. प्रत्येक घराचं झाड वेगळं. आमची करवंद, गंगूकाकीच्या घरचा हिरडा, गोविंदआबांचं जांभूळ. माणूस वर परत आला की आपल्या हातानं आपली डहाळी उचलायची आणि वाऱ्यावर सोडून द्यायची. त्यामुळं खिंडीत गेलं की कुणाच्या घरचं माणूस खाली आहे ते लगेच कळे. ज्याचा पाला त्यानंच उचलायचा, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. फक्त माणूस खालीच दगावलं, तर घरातल्या कर्त्यानं जाऊन ती डहाळी उचलायची, आणि ती उचलली की मग त्या घराचं सुतक सुरू होई. वाडीचा या पाल्यावर इतका विश्वास, की माणसानं खोटं बोलावं पण पाला बोलणार नाही.

मी सातवीत असतानाच्या पावसाळ्यात नाळेत दरड कोसळली. दिवसाढवळ्या आवाज झाला, धरणाच्या पलीकडच्या वाड्यांतही ऐकू गेला म्हणतात. पाऊस उघडल्यावर बा आणि गोविंदआबा बघून आले. नाळेचा मधला टप्पाच नाहीसा झाला होता. देवळापुढं माणसं बसली आणि वाट बंद झाली असं ठरलं. कुणी उतरायचं नाही, खाली काम असेल त्यानं रस्त्यानं जावं. रस्ता म्हणजे शेंडीपर्यंत चालायचं, तिथून एसटीनं घोटी, मग घाट उतरून रेल्वेनं, पुन्हा मिळेल त्या गाडीनं आणि शेवटी पायी. सकाळी निघून दुपारच्या जेवणाला पोचायचं ते माहेर एकदम दोन दिवसांच्या पल्ल्यावर गेलं. पुरुषांना मासळीची काळजी होती. आई मात्र भाकऱ्या करता करता मधेच थांबायची आणि तव्यावरची करपायची. तिची धाकटी बहीण जनामावशी, पाथरपाड्यातच दिलेली, पहिलटकरीण होती. त्यांची आई केव्हाच वारलेली. "माझ्या टायमाला तूच पायजेस," असं मावशीनं तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं. दोघींनी खूणही ठरवली होती. दिवस भरत आले की मावशीच्या घराच्या छपरावर लाल लुगडं पसरायचं, म्हणजे वरून दिसेल. बाला ही खूण ठाऊक नव्हती. बहिणीबहिणींच्या गोष्टी नवऱ्यांना कशाला सांगायच्या, असं त्या काळी सगळ्याच बायकांना वाटे.

दिवाळी होऊन गेली होती. बा कामासाठी धरणापलीकडं गेला होता, संध्याकाळी यायचा होता. आई काठावरच्या आमच्या वरईच्या शेतात कापणी करत होती, मी पेंढ्या बांधत होते. आईनं उठून कमरेवर हात ठेवून खाली बघितलं आणि ती तशीच उभी राहिली. मीही बघितलं. खाली हिरव्या-पिवळ्या शेतांमध्ये नखाएवढा लाल ठिपका होता. आईनं विळा खोपटात ठेवला, घरी जाऊन नागलीचं पीठ, मधाची बाटली आणि खुरासणीचं तेल बांधून घेतलं, नऊवारीचा काष्टा वर खोचला आणि मला म्हणाली, "चल."

"आय, वाट तर मोडलीया," मी म्हणाले.

"मला ठावं हाय. तू चल निस्ती."

घराबाहेर गंगूकाकी भेटली. आई तिला म्हणाली, "जनीकडं चाललो, ह्यान्ला सांग." काकीला वाटलं आम्ही रस्त्यानं निघालो. आम्ही आधी खिंडीत गेलो. आईनं करवंदीच्या दोन डहाळ्या मोडल्या, एक माझ्या हातात दिली आणि दोघींनी पाला ठेवला. मला नवल वाटलं, कारण समोर नाळेत नुसता लालबुंद घसारा होता आणि तिथून उतरणं शक्य नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "खाली जायाचं म्हंजे पाला ठिवायाचा. वाट मोडली, रीत न्हाई मोडली." मग ती वळली आणि काठाकाठानं परत आमच्या शेताच्या टोकाशी आली. तिथं काठावर एक पायरीचं झाड आहे, वडाच्या जातीचं, मुळं कड्यातून खाली सोडलेलं. त्या मुळांपाशी बसून तिनं खाली पाय सोडले. मी तिचा दंड धरला.

"तू ह्या वाटंनं आदी गेल्ती?"

"न्हाई."

"मंग?"

"बगितलीया. लगीन व्हईस्तोवर रोज बगितलीया."

आणि उतरता उतरता तिनं मला सांगितलं. ती लहानपणी पाथरपाड्याच्या माळावर शेरडं राखायची. शेरडं चरायची आणि ही पोरगी दिवसभर वर कड्याकडं बघत बसायची, वर कोण राहतं असेल म्हणून. संध्याकाळी वानरांचा कळप कड्याच्या पायथ्यापासून कारवीच्या एका तिरप्या हिरव्या पट्टीनं वर वर जायचा, याच झाडाच्या मुळांशी दिसेनासा व्हायचा आणि मग एकदम वरच्या काठावर बसलेला दिसायचा. "म्हंजे मदी काईतरी हाय," आई म्हणाली. आमच्या वाडीतले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या या काठावर उभे होते, पण ते वरून बघत होते आणि वरून ती पट्टी दिसतच नाही. कड्याचं पोट पुढं आलेलं, त्याखाली सगळं झाकलेलं. ती दिसायला कोकणात जन्म घ्यायला हवा होता.

मुळांच्या आड खडकाला उभी चीर होती, माणूस अंग चोरून मावेल एवढी. पाठ एका बाजूला, गुडघे दुसऱ्या बाजूला टेकवून आम्ही खाली सरकलो. आई पुढं आणि माझा पाय धरून तो जिथं ठेवायचा तिथं स्वतः ठेवून देत होती. चीर संपली आणि आम्ही पदरावर उतरलो. कड्याच्या उभ्या भिंतीला मधेच फुटलेल्या लांब तिरप्या पायरीला आमच्याकडं पदर म्हणतात. त्यावर कंबरेएवढी कारवी, मधून वानरांच्या जाण्यायेण्यानं पडलेली बारीक वाट, आणि उजव्या हाताला काहीच नाही, नुसता वारा. मी रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. आई म्हणाली, "रड, पन चालता चालता रड." थोड्या वेळानं माझं रडणं आपोआप थांबलं, कारण मला कळलं की पाय बरोबर पडताहेत. मग मी खाली बघितलं. घारी आमच्या खालून उडत होत्या. त्या दिवसापासून मला उंचीचं भय राहिलेलं नाही. पुढं मी शिकले, राहात्याच्या शाळेत पोरींचे खेळाचे तास घेत नोकरी काढली, आणि कुणी मला कशाबद्दलही 'इथून वाट नाही' म्हटलं की मी आधी विचारते, तुम्ही कुठून बघताय. बरेच लोक त्यावर चिडतात.

दुपार कलायच्या आत आम्ही पाथरपाड्यात होतो. जनामावशी कळा देत होती. आईला दारात बघून तिनं जो हंबरडा फोडला तो मी विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी उन्हं वर येताना तिला मुलगी झाली. पोर आडवी होती आणि आईनं तेल लावून, हातानं फिरवून ती सरळ केली, असं तिथल्या बायका पुढं कित्येक वर्षं सांगत. आई नसती तर दोघी गेल्या असत्या, हेही सांगत. छपरावरचं लुगडं त्याच दिवशी उतरवलं. आम्ही पाचवी पुजेपर्यंत राहिलो. मी पेजेवर आणि ओल्या मासळीवर ताव मारला. वर काय चाललं असेल याचा विचार ना आईनं केला, ना मी.

पाचवी झाल्यावर दुसऱ्या सकाळी आम्ही निघालो. आईच्या डोक्यावर सुकटीची टोपली, माझ्या पाठीला नव्या तांदळाचं गाठोडं. चीर चढताना आई आधी वर गेली आणि दोरीनं दोन्ही ओझी ओढून घेतली. आम्ही थेट आमच्या शेतात निघालो. शेतात गंगूकाकी आमची राहिलेली वरई कापत होती. तिनं आम्हांला कड्यातून वर येताना बघितलं, विळा टाकला आणि काही न बोलता वाडीकडं पळत सुटली. आई म्हणाली, "हिला काय झालं?" घरी आलो तर चूल थंड, आणि चुलीपाशी फडक्याखाली भाकऱ्यांची चवड. चार घरच्या चार हातांच्या भाकऱ्या, जाडीवरून ओळखू येतात. ज्या घरात कुणी गेलं, त्या घरी शेजारीपाजारी अशा भाकऱ्या आणून ठेवतात. आईच्या हातातली टोपली खाली आली. तोवर गंगूकाकी माणसं घेऊन दारात आलीच होती.

"कोन गेलं गं?" आईनं विचारलं.

"तूच," गंगूकाकी म्हणाली आणि मटकन खाली बसून रडायला लागली.

मग गोविंदआबांनी सगळं सांगितलं. बा त्या संध्याकाळी आला तेव्हा आम्ही रस्त्यानं गेल्याचं काकीनं त्याला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी खिंडीत गेलं आणि त्याला करवंदीच्या दोन डहाळ्या दिसल्या. पाला आहे म्हणजे माणसं खिंडीतून उतरली आणि खिंडीतून उतरायला तर नाळच. बा धावत गेला, त्या घसाऱ्यावरून जाता येईल तितका खाली गेला, हाका मारल्या. तीन दिवस तो खिंडीत बसून होता. डहाळ्यांची पानं गळायला लागली तेव्हा गोविंदआबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, की बाबा, कर्ता तू हाईस, आता उचलाया पायजे, लेकराचं आन बायकोचं पुढचं अडून ऱ्हायलंय. आबा वाईट बोलले नव्हते, ती रीतच होती. पण बा म्हणाला, "पाला उचलायचा न्हाई. मी परत येईस्तोवर कुनी हात लावायचा न्हाई." आणि आलेल्या भाकऱ्यांना हात न लावता तो रस्त्यानं पाथरपाड्याकडं निघून गेला. म्हणजे आम्ही पदर चढत होतो तेव्हा तो कुठल्या तरी गाडीत बसून आमच्याकडंच येत होता.

आईनं हे सगळं उभ्यानं ऐकलं. मला वाटलं ती रागावेल, नाहीतर हसेल. ती एवढंच म्हणाली, "एस्टीनं गेले? त्यान्ला तर गाडी लागती." आणि मग ती माझ्यासमोर पहिल्यांदाच पदरात तोंड खुपसून रडली. 'दिवस भरले' सांगायला जशी दोघी बहिणींची खूण होती, तशी 'खाली पोचलो' सांगायला नवऱ्यासाठी एखादी असायला हवी होती, हे तिला कुठंतरी लागलं असावं. खिंडीतला पाला उचलून टाका असं बायका म्हणत होत्या. आईनं मान हलवली. "ते सांगून गेल्यात न्हवं, ते येईस्तोवर न्हाई म्हून. ऱ्हाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी ती उजाडल्यापासून काठावर पायरीच्या झाडाखाली बसून होती. दुपारी खालून हाक आली. बाची. मावशीच्या नवऱ्यानं त्याला पायथ्याशी आणून पट्टी दाखवली होती आणि वाटाड्याचा पोरगा म्हणून तो एकटाच चढून आला होता, पण चिरेच्या तळाशी येऊन त्याला पुढची वाट कळेना. आईनं काष्टा खोचला आणि ती चिरेत उतरली. मी काठावर पालथी पडून ऐकत होते.

"पाय कुटं ठिवू?" बाचा आवाज.

"म्या ठिवला तितं."

"आन हात?"

"हात बी तितंच. आन खाली बगू नगा."

"कड्यावर जन्म गेलाय माजा."

"वरल्या अंगाला गेलाय. ह्या अंगाला नवं हायसा तुमी."

बा वर आला. अंग खरचटलेलं, दाढी वाढलेली. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही. मग त्यानं आईकडं बघितलं. तो तसाच पुढं चालू लागला आणि आम्ही त्याच्या मागून खिंडीत गेलो. दगडाखाली दोन काटक्या होत्या, पानं गेलेली, नुसते काटे राहिलेले. बा बाजूला उभा राहिला. "उचला आपापला," म्हणाला. आम्ही उचलून वाऱ्यावर सोडल्या. तिथून घरी येईपर्यंत तो आईच्या मागून चालला, एरवी तो नेहमी पुढं असायचा.

त्या हंगामापासून वाडीची ये-जा त्या पदरावरून सुरू झाली आणि पाला खिंडीतून पायरीच्या झाडाखाली आला. वाडी त्या वाटेला सोनाईची वाट म्हणते, माझ्या आईचं नाव सोना. मुक्ताच्या मोबाईलमध्ये तीच वाट 'मंकी ट्रॅव्हर्स' या नावानं आहे, आणि तिथं कुणा उत्साही माणसानं लिहून ठेवलंय की ही वाट अवघड असून सोबत जाणता वाटाड्या घ्यावा. शनिवार-रविवारी पोरं-पोरी रंगीत टोप्या घालून तिथून जातात. देवाला असेल असं समजून तीही झाडाखाली डहाळी ठेवतात आणि परत आली की तशीच सोडून निघून जातात. मी मुक्ताला बजावून ठेवलंय, ठेवलीस तर उचलायचीही.

आई बऱ्याच वर्षांनी गेली, म्हातारी होऊन, माझ्याकडं केडगावला. दहाव्याला आम्ही उंबरवाडीत होतो. बाला तेव्हा धड चालता येत नव्हतं. त्यानं माझ्याकडून करवंदीची एक डहाळी मोडून घेतली, माझ्या खांद्याला धरून शेताच्या टोकापर्यंत आला आणि पायरीच्या झाडाखाली ती दगडाखाली ठेवली.  गोविंदआबांचा मुलगा सोबत होता, तो आता वाडीतला जाणता. तो हळूच म्हणाला, "बाबा, रीतीनं आता तुमीच उचलाया पायजे." बा खाली कोकणाकडं बघत होता. पाथरपाड्याची छपरं आता पत्र्याची झालीत, उन्हात चमकतात.

"उचलायचा न्हाई," बा म्हणाला. "म्हायेरी गेलीया ती."

आमच्यापैकी कुणीही त्या डहाळीला हात लावला नाही.